सामाजिक असुरक्षिततेचा निर्देशांक आरोग्य आराखड्यात कसा वापरावा

एका जिल्ह्याला पुढील वर्षासाठी दोन फिरती आरोग्य पथके मंजूर झाली आहेत आणि तालुके अकरा आहेत, असे समजू. पथके कोठे पाठवायची हे ठरवण्याच्या रूढ पद्धती सर्वांना ठाऊक आहेत: लोकसंख्या जास्त तेथे, गेल्या वर्षी होती तेथेच, किंवा ज्या तालुक्याने बैठकीत अधिक जोर लावला तेथे. सामाजिक असुरक्षिततेचा निर्देशांक हा या तिन्ही पद्धतींना दिलेला पर्याय आहे. साथ आली, पूर आला किंवा उष्णतेची लाट आली तर कोणत्या वस्तीला तिचा फटका अधिक बसेल आणि सावरायला कोणाला अधिक काळ लागेल, याचा अंदाज गरिबी, शिक्षण, घराची स्थिती, वय, जात-जमात, वाहतुकीची सोय अशा आजाराबाहेरच्या गोष्टींवरून बांधणे, एवढाच त्याचा अर्थ आहे.

हा निर्देशांक तयार करणे आता फारसे कठीण राहिलेले नाही. आकडे हाताशी असतील तर स्प्रेडशीट चालवता येणारा कोणीही कर्मचारी दोन-तीन दिवसांत तो मांडू शकतो. कठीण आहे ते त्याच्या आधीचे आणि नंतरचे काम, आणि नेमके तेच वगळले जाते. परिणामी लाल-पिवळ्या रंगांचा देखणा नकाशा सादरीकरणात झळकतो, टाळ्या मिळवतो आणि पथके मात्र गेल्या वर्षीच्याच मार्गाने फिरत राहतात. जिल्हा किंवा तालुका पातळीवर आराखडा करणारे अधिकारी, महापालिकांचे कार्यक्रम व्यवस्थापक आणि त्यांच्यासोबत काम करणाऱ्या संस्था यांना डोळ्यांसमोर ठेवून पुढील मांडणी केली आहे.

आधी निर्णय लिहून काढा

संगणक सुरू करण्यापूर्वी एका कागदावर एक वाक्य लिहावे: या निर्देशांकात वरच्या, म्हणजे सर्वाधिक असुरक्षित, चतुर्थांशात येणाऱ्या उपकेंद्रांना नेमके काय अधिक मिळेल, कोणाच्या सहीने मिळेल आणि कोणत्या महिन्यापासून मिळेल. हे वाक्य लिहिता येत नसेल तर आकडे गोळा करण्याची घाई करू नये. निर्णयाशी न जोडलेला निर्देशांक केवळ गरिबीचे आणखी एक वर्णन ठरतो, आणि गरिबीची वर्णने आपल्याकडे पुरेशी आहेत.

मुंबईचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात शहराच्या २४ प्रभागांमध्ये गोवंडी, मानखुर्द आणि देवनार यांचा समावेश असलेला एम-पूर्व प्रभाग शेवटच्या क्रमांकावर होता. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवराचा उद्रेक झाला तेव्हा त्याची पहिली मोठी झळ गोवंडीलाच बसली, आणि त्यानंतर ठरावीक वयोगटातील बालकांना गोवर-रुबेला लसीची अतिरिक्त मात्रा देण्याची मोहीम हाती घ्यावी लागली. २००९ च्या क्रमवारीने २०२२ च्या गोवराचे भाकीत केले होते असे म्हणता येणार नाही. परंतु दाट वस्ती, स्थलांतरित कुटुंबे आणि अपुऱ्या नागरी सोयी जेथे एकत्र येतात तेथे लसीकरणाच्या फटी पडतात आणि त्या शेवटी उद्रेकातून दिसतात, हे सांगायला नवा निर्देशांक लागत नव्हता. क्रमांक ठाऊक असणे आणि त्या क्रमांकाशी परिचारिकांची पदे, संध्याकाळची लसीकरण सत्रे व वाहने बांधलेली असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

निर्णय आधी बांधून घेण्याचे उलट उदाहरण अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याचे आहे. मार्च २०२१ मध्ये तेथील शासनाने कोविड लसीच्या ४० टक्के मात्रा आरोग्याच्या सामाजिक परिस्थितीच्या निर्देशांकात तळाच्या, म्हणजे तेथील मांडणीत सर्वाधिक वंचित, चतुर्थांशात येणाऱ्या पिनकोड क्षेत्रांसाठी राखून ठेवल्या. येथे निर्देशांक, उंबरठा आणि वाटा या तिन्ही गोष्टी आकड्यांत जाहीर होत्या, त्यामुळे अंमलबजावणी मोजता आली. त्याच राज्यात त्याआधी वंचित समाजगटांसाठी नोंदणीचे खास संकेतांक दिले गेले होते, आणि ते सुस्थितीतील भागांतील लोकांच्या हाती पडून त्यांनीच वापरल्याचे प्रकार उघडकीस आले. एखादी सवलत वस्तीच्या नावाने जाहीर झाली म्हणजे ती त्या वस्तीतील माणसाच्या हाती पडतेच असे नाही; म्हणून सेवा कोण घेत आहे हे पाहण्याची तजवीजही त्याच कागदावर लिहून ठेवावी.

असुरक्षितता आणि धोका यांची गल्लत टाळावी

जुलै २०२० मध्ये भारतातील राज्ये व जिल्ह्यांचा कोविडसंदर्भातील असुरक्षितता निर्देशांक प्रसिद्ध झाला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीतील आकड्यांवर मुख्यतः आधारलेल्या त्या क्रमवारीत मध्य प्रदेश आणि बिहार वर होते, तर त्या वेळी नोंदलेले सर्वाधिक रुग्ण महाराष्ट्रात होते. ही विसंगती पाहून निर्देशांकच चुकीचा ठरवण्याचा मोह अनेकांना झाला. वास्तविक दोन्ही आकडे वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत होते. साथ कोठे आधी पोहोचेल हे विमानतळ, बाजारपेठा आणि गर्दी ठरवते. ती पोहोचल्यावर कोणाची अधिक दैना होईल हे असुरक्षितता सांगते. आराखड्यात हे दोन स्तंभ स्वतंत्र ठेवावेत आणि तिसरा स्तंभ सेवांच्या पोहोचीचा, म्हणजे प्रत्यक्ष लसीकरण, गरोदर मातांची नोंदणी, क्षयरोगाच्या तपासण्या यांचा ठेवावा. जेथे असुरक्षितता जास्त, धोका जास्त आणि पोहोच कमी, तेथे प्रथम जावे.

निर्देशकांची, म्हणजे निर्देशांकात मोजल्या जाणाऱ्या गोष्टींची, यादीही धोक्यानुसार बदलते. अहमदाबादने २०१० च्या उन्हाळ्यातील मृत्यूंनंतर २०१३ मध्ये उष्णतेपासून संरक्षणाचा आराखडा केला आणि पुढे नागपूरसह अनेक शहरांनी तो मार्ग धरला. उष्णतेच्या आराखड्यात पत्र्याचे छप्पर, उघड्यावर चालणारी मजुरी, एकटे राहणारे वृद्ध आणि घरातील पाण्याची सोय यांना महत्त्व असते. गोवराच्या आराखड्यात त्याच वस्तीतील छप्पर दुय्यम ठरते आणि पाच वर्षांखालील मुलांचे प्रमाण, एका खोलीत राहणाऱ्यांची संख्या व अलीकडचे स्थलांतर पुढे येते. सर्व कामांना चालेल असा एकच निर्देशांक हवा अशी मागणी वरून आली तर मूळ सामाजिक निर्देशक समान ठेवून प्रत्येक कार्यक्रमासाठी दोन-तीन निर्देशकांची जोड द्यावी.

मोजमापाचे एकक

ज्या पातळीवर निर्णय होणार, त्याच पातळीवर मोजमाप हवे. पथक तालुक्यातील कोणत्या गावांत फिरेल हे ठरवायचे असेल तर जिल्ह्याची सरासरी निरुपयोगी आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या बहुआयामी दारिद्र्य अहवालात महाराष्ट्रातील सर्वाधिक वंचित जिल्हा म्हणून नंदुरबारचे नाव आले. राज्य पातळीवर निधी वाटताना हा आकडा मोलाचा आहे. मात्र खुद्द नंदुरबारमध्ये काम करणाऱ्याला त्यातून नवे काही कळत नाही, कारण शहादा तालुक्यातील सपाट, बागायती गाव आणि अक्राणी तालुक्यातील सातपुड्याच्या पाड्यांनी विखुरलेले गाव यांची तेथे एकच सरासरी झालेली असते. नर्मदाकाठच्या ज्या पाड्यांवर बोटीने जावे लागते, ते तर त्या सरासरीत मुळीच दिसत नाहीत.

अडचण अशी की चांगल्या दर्जाचे आकडे वरच्या पातळीवर आणि कच्चे आकडे खालच्या पातळीवर मिळतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी, म्हणजे २०१९ ते २०२१ मधील आकडे, जिल्ह्यापर्यंतच विश्वासार्ह आहेत. त्यातून तालुक्याचा आकडा ओढून काढू नये. २०११ च्या जनगणनेत गाव आणि शहरी प्रभागापर्यंत साक्षरता, अनुसूचित जाती-जमातींचे प्रमाण, शेतमजूर व अल्पकालीन काम करणाऱ्यांचे प्रमाण मिळते, पण ते जुने झाले आहे. त्याच वर्षीच्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय पाहणीतील ग्रामीण वंचिततेचे निकष, अंगणवाडीच्या नोंदींतील तीव्र कुपोषित बालके, आशांच्या कुटुंब-नोंदवह्या, पिवळ्या शिधापत्रिकांची संख्या, रोजगार हमीवरील मजुरांची नोंद या सर्वांची त्याला जोड देता येते. साधारणपणे ग्रामीण भागात उपकेंद्र आणि शहरात आरोग्य केंद्राचे कार्यक्षेत्र हे सर्वांत सोयीचे एकक ठरते, कारण तेथे जबाबदार कर्मचारी ठरलेला असतो आणि निर्णय त्याच्या नावाने काढता येतो.

खालच्या पातळीवर उतरताना लहान संख्यांचा खेळ लक्षात ठेवावा. एखाद्या पाड्यावर वर्षभरात १२ बालके जन्मली आणि त्यांतील एक लसीकरणातून सुटले तर प्रमाण एकदम ८ टक्क्यांहून अधिक खाली येते. पुढच्या वर्षी कोणी सुटले नाही की तोच पाडा आदर्श ठरतो. अशा ठिकाणी सलग तीन वर्षांचे आकडे एकत्र करावेत किंवा शेजारचे सारख्या स्थितीतील पाडे जोडून एकक मोठे करावे.

निर्देशकांची निवड

या क्षेत्रात सर्वाधिक वापरला गेलेला नमुना अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राचा, म्हणजे सीडीसीचा आहे. त्यात १६ निर्देशक चार गटांत मांडले आहेत: आर्थिक-सामाजिक स्थिती, कुटुंबाची रचना, वांशिक अल्पसंख्याकत्व, आणि घर व वाहतूक. हे चार गट आपल्याकडेही उपयोगी पडतात, पण निर्देशक जसेच्या तसे उचलता येत नाहीत. तेथे घरात मोटार नसणे हे असुरक्षिततेचे लक्षण आहे; आपल्या खेड्यात मोटार फार थोड्यांकडे असते, त्यामुळे त्या निर्देशकाने गावागावांत फारसा फरक दिसत नाही. त्याऐवजी बारमाही रस्ता आहे का, पावसाळ्यात किती दिवस संपर्क तुटतो, प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत किती अंतर आहे, हे विचारावे.

दहा ते पंधरा निर्देशक पुरेसे होतात. महिलांची निरक्षरता, भूमिहीन मजुरांचे प्रमाण, अनुसूचित जमातींचे व विशेषतः कातकरी, कोलाम, माडिया गोंड या अतिअसुरक्षित आदिम जमातींचे प्रमाण, कच्ची घरे, घरात शौचालय व पाणी नसणे, सहा वर्षांखालील मुले, साठीपुढील वृद्ध, दिव्यांग व्यक्ती, एकल महिलांची कुटुंबे, हंगामी स्थलांतर, रस्ता आणि आरोग्य केंद्राचे अंतर, एवढी यादी महाराष्ट्रातील बहुतेक ग्रामीण जिल्ह्यांना चालेल. दोन निर्देशक एकमेकांबरोबर जवळजवळ तंतोतंत वर-खाली होत असतील तर त्यांतील एकच ठेवावा, नाहीतर एकच वंचितता दोनदा मोजली जाते.

यादी करताना होणाऱ्या दोन चुका मला अधिक गंभीर वाटतात. पहिली म्हणजे ज्या गोष्टीत सुधारणा करायची आहे तीच गोष्ट निर्देशांकात घालणे. लसीकरण वाढवण्यासाठी निर्देशांक करायचा आणि त्यातच लसीकरणाचे प्रमाण मिसळायचे, म्हणजे ज्या उपकेंद्राने कष्टाने लसीकरण वाढवले त्याचा क्रमांक खाली जाऊन त्याची मदत बंद होते. पोहोचीचा स्तंभ वेगळा ठेवायला वर सांगितले ते याचसाठी. दुसरी चूक म्हणजे निर्देशकाची दिशा गृहीत धरणे. दवाखान्यांची संख्या जास्त म्हणजे असुरक्षितता कमी, असे सहज धरले जाते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार महिलांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण मोठे असल्याचे प्रकरण २०१९ मध्ये गाजले आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्याची चौकशी केली. ज्या बाईला एका दिवसाचा खाडा परवडत नाही तिच्यासाठी खासगी दवाखाना जवळ असणे हे संरक्षण आहे की नवी जोखीम, याचे उत्तर दवाखान्यांच्या संख्येत मिळत नाही. दिशा निश्चित सांगता येत नसेल तो निर्देशक वगळावा.

गणित

सर्वांत सोपी आणि समजावून सांगायला योग्य पद्धत शतमक-क्रमांकाची (पर्सेंटाइलची) आहे. प्रत्येक निर्देशकानुसार सर्व एकके कमी असुरक्षित ते अधिक असुरक्षित अशी लावावीत, एककाच्या क्रमांकातून १ वजा करावा आणि एकूण एककांच्या संख्येतून १ वजा करून आलेल्या संख्येने त्याला भागावे. बीडमध्ये आहेत तसे ११ तालुके धरले तर भाजक १० येतो. निरक्षरतेत अकरावा आलेला तालुका १.०, भूमिहीनतेत आठवा आलेला ०.७ आणि शौचालयांच्या अभावात तिसरा आलेला ०.२ असे गुण मिळवील. हे तिन्ही एकाच तालुक्याचे गुण असतील तर बेरीज १.९ होईल. शेवटी सर्व तालुक्यांच्या बेरजांचा पुन्हा तसाच क्रम लावला की अंतिम निर्देशांक ० ते १ या दरम्यान येतो. ११ एकके खऱ्या कामाला फारच थोडी आहेत. उदाहरण समजण्यापुरतीच ती घेतली आहेत.

आता दुसऱ्या एका तालुक्याचे गुण ०.६, ०.६ आणि ०.७ असतील तर त्याचीही बेरीज १.९ च होते. क्रमवारीत दोघे शेजारी बसतील, पण त्यांची गरज सारखी नाही. पहिल्या तालुक्यात निरक्षरता टोकाची आहे, म्हणून तेथे छापील पत्रके वाटणे व्यर्थ आहे आणि घरोघरी जाणारी, लोकांच्या बोलीत बोलणारी माणसे हवीत. दुसऱ्यात सगळेच थोडेथोडे कमी आहे. म्हणून बेरजेबरोबर प्रत्येक गटाचे गुण स्वतंत्रपणे दाखवावेत आणि ज्या निर्देशकात एकक ०.९ किंवा त्याहून वर आहे तेथे खूण करावी. सीडीसीच्या पद्धतीतही वरच्या दहा टक्क्यांसाठी अशी खूण असते. माझ्या मते नियोजनात एकूण बेरजेपेक्षा या खुणांचा उपयोग अधिक होतो, कारण कोठे जायचे हे बेरीज सांगते, तर तेथे जाऊन काय करायचे हे खुणा सांगतात.

मूळ आकडे तसेच्या तसे मिसळणे मात्र कटाक्षाने टाळावे. अमेरिकेत वापरात असलेल्या क्षेत्रीय वंचिततेच्या एका निर्देशांकात घरांच्या किमती आणि उत्पन्न डॉलरमध्ये व इतर निर्देशक टक्क्यांत घेतले जात होते. किमतींचे आकडे मोठे असल्याने त्यांचा प्रभाव इतका वाढला की न्यूयॉर्कसारख्या महागड्या शहरातील गरीब वस्त्याही तुलनेने सुस्थितीत दिसू लागल्या आणि त्या निर्देशांकावर आधारलेल्या निधीबाबत रास्त टीका झाली. आपल्याकडे जमिनीचे भाव किंवा दरडोई उत्पन्न वापरले तर पुण्याच्या सभोवतालच्या तालुक्यांबाबत नेमके हेच होईल.

निर्देशकांना कमी-जास्त वजने, म्हणजे कमी-जास्त महत्त्व, द्यावीत का, हा प्रश्न बैठकीत हमखास येतो आणि त्यावर तास जातो. सुरुवातीला सर्व निर्देशकांना समान वजन द्यावे. नंतर दोन-तीन निरनिराळी वजने देऊन पाहावीत. वरच्या चतुर्थांशातील बहुतेक एकके तीच राहिली तर वाद तेथेच मिटवावा. जी एकके वजनानुसार आत-बाहेर होतात त्यांची यादी वेगळी काढून त्यांच्याबद्दल प्रत्यक्ष पाहणीनंतरच निर्णय घ्यावा.

तक्त्यात नसलेली माणसे

निर्देशांकाची सर्वांत मोठी मर्यादा अशी की जे सर्वाधिक असुरक्षित असतात ते बहुधा कोणत्याही एककात मोजलेलेच नसतात. ऊसतोड कामगारांचे उदाहरण घेऊ. बीड आणि शेजारच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीला जाणारी कुटुंबे मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि हंगाम संपल्यावर मार्च-एप्रिलमध्ये परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो, आणि मुले सोबत कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या तात्पुरत्या झोपडीत, राहतात. आता २०११ च्या जनगणनेची लोकसंख्या-गणना पाहा: ती ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली, म्हणजे ऐन गाळप हंगामात. गणनेच्या संपूर्ण काळात जो घरी नाही त्याची नोंद जेथे तो सापडेल तेथे व्हायची, असा नियम असतो. त्यामुळे गावाच्या आकड्यांतून ही कुटुंबे गळतात आणि कारखान्याच्या परिसरातील तालुक्याच्या आकड्यांत ती मिसळून जातात, किंवा कोठेच येत नाहीत. २०२७ च्या जनगणनेची संदर्भ तारीखही १ मार्च हीच ठरली असल्याने नव्या आकड्यांतही ही फट राहण्याचा संभव आहे.

यावर उपाय म्हणून निर्देशांकाच्या शेजारी एक स्वतंत्र वस्ती-यादी ठेवावी. पोलिओ निर्मूलनाच्या काळात वीटभट्ट्या, बांधकामांवरील तांडे, पालावर राहणाऱ्या भटक्या जमाती, खाणकामगारांच्या वस्त्या यांची जोखमीच्या क्षेत्रांची यादी केली जात असे, आणि डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या मिशन इंद्रधनुष्यच्या सूक्ष्म नियोजनातही तीच पद्धत आली. या यादीतील वस्त्यांना निर्देशांकाचे गुण लावण्याच्या भानगडीत पडू नये. यादीत नाव आले की ती वस्ती आपोआप पहिल्या प्राधान्यात धरावी. यादी वर्षातून किमान दोनदा, म्हणजे स्थलांतर सुरू होण्याआधी आणि परतीनंतर, ताजी करावी. गाव सोडणाऱ्या गरोदर माता आणि दोन वर्षांखालील बालके यांची नावे आशाताईंकडे भाद्रपदातच तयार असली तर माता-बाल संरक्षण कार्ड हाती देऊन आणि पुढील मात्रेची तारीख समजावून त्यांना निरोप देता येतो, आणि ज्या कारखान्याकडे टोळी जाणार आहे तेथील आरोग्य केंद्राला आगाऊ कळवता येते. टोळी कोणत्या कारखान्याला जाणार हे मुकादमाला ठाऊक असते. त्याच्याशी बोलायला संकोच वाटण्याचे कारण नाही.

व्यक्तीची असुरक्षितता आणि क्षेत्राची असुरक्षितता यांतील फरकही येथेच पाहावा. ७ डिसेंबर २०२४ रोजी देशातील ३४७ जिल्ह्यांत सुरू झालेल्या क्षयरोगाच्या १०० दिवसांच्या मोहिमेत साठीपुढील व्यक्ती, मधुमेही, पूर्वी क्षयरोग होऊन गेलेले, रुग्णाच्या घरातील माणसे, कमी वजनाच्या व्यक्ती अशा गटांची तपासणी करण्यावर भर होता. हे गट सुस्थितीतील गावांतही असतात. निर्देशांकावरून गावांचा क्रम ठरवावा आणि गावात गेल्यावर घरांचा क्रम अशा व्यक्तिगत निकषांवरून ठरवावा. गरीब गावातील प्रत्येक जण जोखमीचा आणि सुखवस्तू गावातील कोणीच नाही, असा निष्कर्ष आकड्यांतून निघत नाही.

गावात जाऊन पडताळणी

क्रमवारी तयार झाल्यावर ती मंजुरीसाठी पाठवण्यापूर्वी वरच्या गटातील पाच, खालच्या गटातील पाच आणि मधल्या गटातील पाच एककांना भेट द्यावी. खालच्या गटातील भेटी कोणी करत नाही, आणि चुका तेथेच लपलेल्या असतात. आशा, अंगणवाडी सेविका, ग्रामसेवक आणि गाव आरोग्य समितीचे सदस्य यांना निर्देशांक न दाखवता आधी विचारावे की या भागात सर्वाधिक अडचणीत कोणती वस्ती आहे. त्यांचे उत्तर आणि तक्ता जुळले तर उत्तम. जुळले नाही तर तक्ता बरोबर आणि माणसे चूक असे गृहीत धरू नये. धरणामुळे पुनर्वसित झालेले गाव, बंद पडलेली एसटी फेरी, कोरडी पडलेली विहीर अशी कारणे २०११ च्या आकड्यांत सापडणार नाहीत. अर्थात स्थानिक मतालाही पूर्वग्रह असतातच: गावकुसाबाहेरच्या वस्तीचे नाव गावातील सर्वच लोक घेतील असे नाही. म्हणून त्या वस्तीतील बायकांशी स्वतंत्रपणे बोलल्याखेरीज पडताळणी पूर्ण झाली असे मानू नये.

नकाशा जाहीर करताना तारतम्य हवे. उपकेंद्राच्या पातळीवरील निर्देशांक जाहीर करायला हरकत नाही, उलट तो ग्रामसभेपुढे ठेवावा. परंतु कुटुंबांची नावे, एचआयव्ही किंवा क्षयरोगाचे रुग्ण, विशिष्ट जमातीची दहा-वीस घरे ओळखू येतील असा तपशील कार्यालयाबाहेर जाऊ देऊ नये. वस्तीवर एकदा शिक्का बसला की तेथील मुलीचे लग्न जुळवण्यापासून भाड्याने खोली मिळण्यापर्यंत त्याचे परिणाम होतात.

वाटपाचे सूत्र

आपल्या व्यवस्थेत असुरक्षिततेनुसार वाटप करण्याचे तत्त्व नवे नाही. सपाट भागात ३०,००० लोकसंख्येमागे आणि आदिवासी व डोंगराळ भागात २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, तसेच उपकेंद्रासाठी अनुक्रमे ५,००० आणि ३,००० हा निकष त्याच तत्त्वावर उभा आहे. निर्देशांकामुळे दोनच पायऱ्यांऐवजी अनेक पायऱ्या करता येतात.

सूत्र साधे ठेवावे: लोकसंख्येला १ अधिक निर्देशांक याने गुणावे आणि येणाऱ्या संख्यांच्या प्रमाणात संसाधने वाटावीत. समजा एका तालुक्याची लोकसंख्या १ लाख आणि निर्देशांक १ आहे, तर दुसऱ्याची लोकसंख्या २ लाख आणि निर्देशांक ० आहे, आणि महिन्याला ६० पथक-दिवस वाटायचे आहेत. केवळ लोकसंख्येने पाहिल्यास पहिल्याला २० आणि दुसऱ्याला ४० दिवस मिळतील. सूत्राने दोघांची संख्या २ लाख होते आणि प्रत्येकाला ३० दिवस मिळतात. दुसऱ्या तालुक्याचे दहा दिवस गेले, हे लपवू नये. कोणाचे किती कमी होणार हे आधी जाहीर केले तर विरोध होतो, पण नंतर कळले तर सूत्रच मोडीत निघते. शक्य असेल तेथे आहे ते काढून घेण्यापेक्षा नव्याने मिळणारी पदे, वाहने आणि निधी एवढेच सूत्राने वाटावे. यात बदलाचा वेग कमी राहतो, पण तो टिकतो.

पथक-दिवस वाढवले आणि पथक पोहोचले तरी पद रिक्त, औषधे संपलेली आणि बाजाराच्या दिवशी गाव ओस, असे असेल तर गुणांकाचा काही उपयोग नाही. म्हणून प्रत्येक वरच्या गटातील एककासाठी खुणांवरून ठरवलेली एक-दोन ठोस कामे सूत्रासोबत जोडावीत: पावसाळ्यापूर्वी औषधांचा तीन महिन्यांचा साठा, आठवडी बाजाराच्या ठिकाणी तपासणी, कामावरून परतल्यावर सत्र, पावरी किंवा भिलोरी अशी स्थानिक आदिवासी बोली बोलणारी स्वयंसेविका.

वर्षानंतर काय पाहावे

यश मोजताना निर्देशांक खाली आला का, हे पाहू नये. घरे आणि साक्षरता आरोग्य विभागाच्या एका वर्षाच्या कामाने बदलत नाहीत. पाहायचे ते वरच्या आणि खालच्या चतुर्थांशातील सेवांच्या पोहोचीचे अंतर. वरच्या गटात पूर्ण लसीकरण ६० टक्के आणि खालच्या गटात ८५ टक्के असेल तर अंतर २५ अंकांचे आहे. वर्षानंतर दोन्ही गट पाच-पाच अंकांनी वाढले असतील तर जिल्ह्याची सरासरी सुधारेल, पण अंतर तेवढेच राहील आणि सूत्राने काही साधले नाही असेच म्हणावे लागेल. हा तक्ता तिमाही आढावा बैठकीत ठेवावा. तो कर्मचाऱ्यांना जाब विचारण्यासाठी वापरू नये, कारण असुरक्षित भागात काम करणाऱ्या परिचारिकेचे आकडे कमी असणे अपेक्षितच आहे, आणि तिला त्याबद्दल नोटीस मिळाली की पुढच्या तिमाहीत आकडे सुधारतील, बालके मात्र तशीच राहतील.

मूळ आकडे, वगळलेल्या निर्देशकांची कारणे, पडताळणीत बदललेल्या गावांची नोंद आणि स्प्रेडशीटची प्रत हे सर्व एका फाइलमध्ये ठेवावे, कारण आराखडा करणाऱ्या अधिकाऱ्याची बदली होणारच आहे. सीमांच्या बदलांची नोंद त्यात विशेष काळजीने करावी: २०११ च्या जनगणनेत पालघर जिल्हा नव्हता, तो १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला, आणि गावांचे संकेतांक जुळवल्याशिवाय जुने व नवे आकडे शेजारी मांडता येत नाहीत. नव्या जनगणनेचे गावनिहाय तक्ते हाती येतील तेव्हा हे जुळवणीचे काम प्रत्येक जिल्ह्यात पुन्हा करावे लागेल, म्हणून गाव, उपकेंद्र आणि तालुका यांच्या संकेतांकांची तालिका आताच पूर्ण करून ठेवावी.